पडण्याचा सराव

फोनच्या पडद्यावर ‘बाबा’ असं नाव आलं तेव्हा मी बाबांच्याच पलंगाखाली पालथी पडले होते. उजेडासाठी बॅटरी लावून मी फोन फरशीवर ठेवला होता आणि हात लांब करून भिंतीला टेकलेलं पत्र्याचं खोकं ओढत होते. नाव आलं, आणि माझ्या गालापासून वीतभर अंतरावर फोन थरथरायला लागला. बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. मी ओरडले नाही, दचकलेसुद्धा नाही. मनात पहिला विचार आला तो असा, की आत्ता नको, मी कामात आहे. हा विचार माझाच होता आणि अगदी सवयीचा होता. तो येऊन गेल्यावर मग मी नाव पुन्हा वाचलं. दोन रिंग वाजून फोन बंद झाला. फरशीचा गारवा पोटाला लागत होता, धुळीचा वास नाकात होता. फोन पुन्हा वाजला. पुन्हा तेच नाव, पुन्हा दोन रिंग. या दोन रिंगांची मला इतकी ओळख होती, की तिसरी वाजणार नाही हे आधीच ठाऊक होतं.

मी मागे सरकत बाहेर आले. पलंगाची पट्टी डोक्याला लागली, ते नंतर रात्री केस विंचरताना कळलं. दाराजवळच्या स्टुलावर बाबांचा फोन होता, मोठ्या बटणांचा, मीच आणून दिलेला. त्यावर चार चौकोनी बटणं, प्रत्येकावर एकेक फोटो लावायची सोय. फोटो दाबला की त्या माणसाला फोन लागतो, पुन्हा दाबला की तुटतो. स्टुलाच्या कडेवर पुढचे दोन पाय ठेवून शिकाऊ उभा होता. शिकाऊ म्हणजे बाबांचा कुत्रा. त्याचं नाक माझ्या फोटोवर होतं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली, आणि काहीच झालं नाही तेव्हा पुन्हा एकदा नाकाने माझा चेहरा दाबला. माझ्या हातातला फोन वाजला.

मी पलंगावर बसले. शिकाऊ खाली उतरून माझ्यासमोर येऊन बसला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. एकोणीस दिवस तो माझ्या घरी असाच बसत होता. रोज दुपारी चारच्या सुमाराला उठायचा, खोल्या हुंगून यायचा, मग समोर बसून नजर लावायचा. मी म्हणायचे, आठवण येते का रे? डोक्यावरून हात फिरवायचे, तर तो हाताखालून डोकं काढून घ्यायचा. मला वाटायचं, दोघं एकाच दुःखात आहोत.

बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसायचं, गुडघ्यावर हात, आणि उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. नवा माणूस घाबरला की बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, “माझा पाय आहे. तुम्ही चला.” बरोबर जमलं की “हं.” चुकलं की काहीच नाही. मला शिकवतानाही तेवढंच. मी एकवीस वर्षांची होते, चढावर गाडी मागे न जाऊ देता पहिल्यांदा उचलली होती, आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं होतं. ते म्हणाले, “हं. समोर बघ.” त्या ‘हं’वर मी पुढचे दोन दिवस काढले. आई असताना ती हसायची, म्हणायची, “तुझ्या बापाच्या तोंडून शाबास काढायचं तर चिमटा लागेल.” आई गेली, गाडी सुटली, डोळ्यांमुळे परवाना गेला, आणि मग कुठूनसा हा तपकिरी, एक कान दुमडलेला प्राणी त्यांच्या मागे घरापर्यंत आला. बाबांनी त्याला ठेवून घेतलं आणि नाव ठेवलं शिकाऊ. “पाटी लावायची राहिली मागेपुढे,” म्हणाले. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना एक चार पानी पत्रक दिलं आणि एक क्लिकर. पिवळी प्लास्टिकची डबी, आगपेटीपेक्षा लहान, आत पत्र्याची पट्टी. अंगठ्याने दाबली की टिक् वाजते. कुत्र्याने हवं ते केलं की त्याच क्षणी टिक्, आणि टिक्‌च्या मागोमाग खाऊ. बोलायचं नाही, रागवायचं नाही, ओढायचं नाही. ही पद्धत बाबांसाठीच कोणीतरी काढली असावी.

एका रविवारी मी गेले होते तेव्हा त्यांनी मला सगळं दाखवलं. बस, थांब, चटईवर जा. खिशात उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे. शिकाऊ चटईवर जाऊन बसला, टिक् झालं, तुकडा मिळाला. मी डबी हातात घेऊन उगाच दाबली. शिकाऊ उठून माझ्याकडे आला. “दे आता त्याला,” बाबा म्हणाले.

“पण त्याने काही केलंच नाही.”

“तू वाजवलीस ना? मग द्यायचं. चुकून वाजली तरी द्यायचं. ती वाजली म्हणजे शब्द दिला. आणि त्याने काम केलं नि आपण वाजवली नाही, तर तो त्याहून मोठा गुन्हा. तो बिचारा परत परत करत बसतो. त्याला वाटतं आपलंच चुकलं.”

मी तुकडा दिला. ओठांनी अलगद घेतला त्याने. मला हेवा वाटला, हे आता लिहायला हरकत नाही. आयुष्यात मला मिळाले नसतील एवढे होकार त्या दुपारी त्या कुत्र्याला मिळाले. मी म्हणाले, “मला गाडी शिकवताना हे यंत्र का नव्हतं हो बाबा?” ते म्हणाले, “तू खाण्यासाठी गाडी चालवली नसतीस.” आणि स्वतःच्या विनोदावर ते कधी नव्हे ते हसले.

त्यानंतर महिनाभराने ते फोन सुरू झाले. मी कानांची तपासणी करते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवते, कानांवर यंत्र चढवते, काचेच्या अलीकडून बारीक बारीक सूर सोडते. सूर ऐकू आला की आतल्या माणसाने हातातलं बटण दाबायचं. माझ्यासमोर दिवा लागतो. मी तेव्हा फोन जवळ ठेवते पण आवाज बंद करून. चारच्या सुमाराला पडदा उजळायचा. बाबा. पहिल्यांदा मी तपासणी टाकून बाहेर धावले होते, फोन परत लावला तर ते म्हणाले, “काही नाही गं. चुकून लागला.” धापा लागल्यासारखा आवाज होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी चिडले.

“बाबा, ते फोटोवालं यंत्र अडगळीत टाका. मी साधा फोन आणते.”

“राहू दे. सवय होतेय.”

“तीन दिवस तेच म्हणताय. कधी होणार तुम्हाला सवय?”

“ज्याला व्हायची त्याला होईल. तू तुझं काम कर. उचलू नकोस चारला.”

मग मी उचलणं सोडून दिलं. दीड महिना रोज चारला पडदा उजळायचा, दोन रिंग, अंधार. कधी एकदा, कधी तीनदा. पुढे पुढे तर मी त्यावरून घड्याळ लावल्यासारखी चहाची वेळ झाली म्हणायचे. आमच्या कामात अशी माणसं येतात, जी आवाज नसतानाही बटण दाबतात. शांततेत त्यांना काहीतरी ऐकू येतं, किंवा आपण बहिरे ठरू या भीतीने ती दाबत सुटतात. तो दिवा आम्ही मोजत नाही. कागदावर त्याची खूणही करत नाही.

त्या गुरुवारी आत एक म्हातारे गृहस्थ होते, असेच बटण दाबत सुटणारे. चार वाजून दहा मिनिटांनी पडदा उजळला. मी मनात म्हणाले, सुरू झालं. फोन पालथा घातला. साडेपाचला सुलटा केला तेव्हा बाबांचे नऊ फोन येऊन गेलेले होते, चार दहापासून चार बावन्नपर्यंत. मी फोन लावला. तो वाजत राहिला. फिरायला गेले असतील असं म्हणून मी पर्स आवरली, भाजी घेतली, घरी गेले. सात वाजता खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींचा फोन आला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात पडले होते. डॉक्टर म्हणाले, चारच्या आसपास, अगदी क्षणात. “काही कळलंही नसेल त्यांना,” ते म्हणाले, आणि माझ्या दंडावर थोपटलं. मी मान हलवली. माझ्या पर्समध्ये ते नऊ फोन होते. क्षणात गेलेला माणूस बेचाळीस मिनिटं फोन करत नाही. मी ते कोणाला दाखवले नाहीत. लोक येत होते, म्हणत होते, भाग्यवान, कोणाला त्रास नाही, स्वतःला त्रास नाही. मी त्यांना पाणी देत होते. मनात मात्र ते दारापासून स्टुलापर्यंत सरपटत येत होते, हात वर करत होते, माझा फोटो चाचपत होते. दोन रिंग, मग बोट सुटत होतं. नऊ वेळा. मी कामावर जात होते, जेवत होते, आणि डोक्यात हे चित्र एखाद्या दुकानातल्या टीव्हीसारखं आवाजाशिवाय चालू होतं.

आता शिकाऊ समोर बसला होता आणि ते चित्र हलेनासं झालं होतं. मी उठून फोन जवळून पाहिला. एका बटणावर डॉक्टरांच्या फोटोची जागा होती, फोटो काढून टाकलेला. एकावर मावशी. एकावर आई, तिथे नंबर कुठलाच नव्हता, तरी त्यांनी फोटो लावला होता. आणि चौथ्यावर मी. माझ्या फोटोवर एक गढूळ डाग होता, नाक, ओठ, हनुवटी पुसट करून टाकणारा. सकाळी आल्या आल्या तो मला दिसला होता. मला वाटलं होतं, बाबांच्या बोटाचं तेल.

पत्र्याचं खोकं मी पायाने ओढून बाहेर घेतलं. आत गाडी शिकलेल्या माणसांची कार्डं होती, हजारभर तरी, रबरात बांधलेली. प्रत्येकाचं एक कार्ड: शिकाऊचे नाव, शिकण्याचे कारण, मग तारीख, पाठ, शेरा. सगळ्यात वरचं कार्ड सुटं होतं. जिथे शिकाऊचे नाव लिहायचं तिथे बाबांनी नुसतं ‘हाच’ लिहिलं होतं. शिकण्याचे कारण: नोकरी, स्वतःचे वाहन, इतर. ‘इतर’पुढे खूण. त्यांचं ते उभं, घट्ट अक्षर. पहिली तारीख पाहून मी वर्ष, वार, सगळं आठवायला लागले. त्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या कपाळावर निळं टेंगूळ पाहिलं होतं, आणि ते म्हणाले होते, “न्हाणीघराचं दार लागलं.” दार कपाळाच्या बाजूला कसं लागतं, हे मी विचारलं नाही. मला निघायची घाई होती.

शेरे मी उभ्यानेच वाचले. ‘पडलो. तोंड चाटत बसला.’ ‘पडलो. खेळ समजून अंगावर चढला.’ ‘फोनकडे पाहिलं. टिक्.’ ‘स्टुलावर पाय. टिक्.’ ‘डॉक्टरांचा फोटो दाबला. त्यांना फुकट त्रास. फोटो काढला.’ ‘मुलीचा दाबला. टिक्. दोन तुकडे जास्त.’ मग, ‘तिने परत फोन केला, घाबरली. बंद यंत्रावर सराव करावा का? नको. मैदानात शिकलेलं माणूस रस्त्यावर विसरतो.’ हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. ते शिकाऊंना दुसऱ्याच दिवशी मैदानातून काढून रहदारीत घालायचे. पुढे, ‘रागावली. उचलू नको म्हटलं.’ ‘उचलला नाही. हा तयार झाला.’ ‘पलंगावरून, खुर्चीवरून, न्हाणीतून. सगळीकडून बरोबर.’ शेवटच्या ओळीची तारीख बुधवारची होती. ‘आता तिला सांगितलं पाहिजे. आधी खरा पडलो होतो तेही सांगावं लागेल. रविवारी येईल तेव्हा करून दाखवू. परीक्षा.’

म्हणजे रोज चारला एक सत्तरी ओलांडलेला माणूस या घरात मुद्दाम जमिनीवर पडत होता. एक कुत्रा धावत जाऊन माझा चेहरा दाबत होता. आणि दुसऱ्या टोकाला मी, न उचलायला शिकत होते. दोन शिकाऊ एकाच वेळी तयार झाले, आणि दुसऱ्याचं कार्ड त्यांनी केलंच नाही.

दारावर थाप पडली. मावशी होत्या, गळ्यात मापाची पट्टी, हातात पाण्याची बाटली. शिकाऊने शेपटी हलवली. मावशी आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसल्या.

“एकटीने ओढू नकोस गं सगळं. मघाशी धप्प आवाज आला, माझा जीवच उडाला. परत तसंच वाटलं.”

“तसंच म्हणजे?”

“अगं, रोजचं होतं ते. दुपारी चारला वर धप्प. मग याचे पाय टपटप टपटप. मग टिक्. मी एकदा विचारलं, काय हो, या वयात कसला व्यायाम? तर म्हणाले, पडायला शिकतोय. मी म्हटलं, ते न शिकता येतं माणसाला. तर म्हणाले, ‘नीट पडायला शिकवणी लागते, बाई.’” त्या हसल्या आणि हसू मध्येच सोडलं. बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. “तुला एक सांगायचंय. त्या दिवशीही धप्प झालं. मी ऐकलं. मशीनमध्ये दोरा ओवत होते. मी म्हटलं, झाली शिकवणी सुरू. आणि बसले काज करत. तीन तास. वर नाही आले.”

मी त्यांच्याजवळ गेले. माझा आवाज मला माझ्याच यंत्रातून ऐकल्यासारखा लांबून येत होता. “मावशी, धप्प झाल्यावर काय झालं? टिक् वाजलं?”

“कसलं टिक्?”

“रोज वाजायचं ते.”

त्यांनी डोळे बारीक केले. शिवणाऱ्या बाईचे कान चांगले असतात. मशीनच्या आवाजावरून सुई कुठे अडली ते त्यांना कळतं. “नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्या दिवशी नुसते पाय. याचे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. खूप वेळ. मला वाटलं, आज याला जमत नाहीये वाटतं.”

मी खाली बसले. मग सगळं आपोआप पुढे सरकलं, चढावर गाडी उचलल्यासारखं. बाबा शुद्धीवर असते तर पहिल्या फोनला टिक् वाजली असती. काम झालं आणि वाजवली नाही, असं त्यांनी एकदाही केलं नसतं. डबी खिशात होती, दवाखान्याने दिलेल्या पिशवीत मला ती सापडली होती. अंगठा हलत असता तर त्यांनी वाजवली असती, आणि शिकाऊ थांबला असता. तो थांबला नाही. बेचाळीस मिनिटं तो बाबांकडे गेला, स्टुलाकडे गेला, बाबांकडे गेला. पहिला फोन लागला त्याच्या आधीच ते गेलेले होते. डॉक्टर खरं बोलत होते. कोणी सरपटलं नव्हतं. कोणी हात वर केला नव्हता. नऊ वेळा मला कोणी बोलावलं नव्हतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मावशींचा चेहरा मला दिसत होता, खिडकीतलं ऊन त्यांच्या पट्टीच्या आकड्यांवर पडलं होतं, आणि मी आत कुठेतरी हातपाय मारत होते. एकोणीस दिवस मी ज्या चित्राने मेले होते, त्या चित्रात त्यांना मी हवी होते. बेचाळीस मिनिटं हवी होते. ते चित्र कोणीतरी भिंतीवरून काढून नेलं, आणि त्याच्या मागे भिंत तेवढी उरली. मला ते परत हवं होतं. असलं हवं असणं माणसाला शोभतं का, ते मला ठाऊक नाही. मी पुन्हा कार्ड हातात घेतलं. डॉक्टरांचा फोटो काढला. मावशी एकाच जिन्याच्या अंतरावर होत्या, धावत आल्या असत्या. त्यांच्या फोटोवर नाकाचा डागही नव्हता. ‘मुलीचा दाबला. टिक्. दोन तुकडे जास्त.’

“आले असते तर वाचले असते का गं?” मावशींनी विचारलं. त्या खाली बघत होत्या. हा प्रश्न त्यांनीही एकोणीस दिवस मशीनवर चालवला असणार.

“नाही, मावशी,” मी म्हणाले. “ते धप्प झालं तेव्हाच गेले होते. खात्री आहे माझी. याने सांगितलं.”

त्यांनी शिकाऊकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वेड लागलंय का तुला असं विचारलं नाही. बाटली तिथेच ठेवून, पदराने नाक पुसत त्या उठल्या. “जेवायला खाली ये,” दारातून म्हणाल्या. “आणि त्यालाही आण. तोंड बघ कसं झालंय त्याचं.”

त्याचं तोंड मी तेव्हा पाहिलं. एकोणीस दिवस तो माझ्या हातांकडे बघत होता, कारण एक काम त्याने नऊ वेळा चोख केलं होतं आणि कोणी त्याला बरोबर म्हटलं नव्हतं. आपलंच चुकलं असं त्याला वाटत होतं. मी पर्समधून दवाखान्याची पिशवी काढली. चष्मा, रुमाल, किल्ली, पिवळी डबी. डबी दिसताच शिकाऊचा दुमडलेला कान हलला. कोंबडीचे तुकडे नव्हते. माझ्या डब्यात पावाचा एक कोपरा होता, तो मी नखाएवढा करून मुठीत घेतला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथे, जिथे ते पडले होते तिथे, फरशीवर आडवी झाले. नीट पडता येत नाही मला. कोपर आपटलं.

पाय टपटप गेले. स्टूल किंचित सरकलं. माझ्या छातीवर ठेवलेला फोन उजळला. बाबा. पहिली रिंग. दुसरी. मी बटण सरकवलं आणि फोन कानाला लावला. पलीकडून खोली ऐकू आली, एका कुत्र्याचा धापांचा श्वास, आणि त्याच्या मागे, जरा उशिराने, माझा.

“हं,” मी म्हणाले, आणि डबी दाबली.